आज किती खांब?

सकाळी सव्वासहाला मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई खारघरच्या बेलपाड्यात मेट्रोच्या खांबांखालून चालतो. 17 नोव्हेंबर 2023 ला बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली. वरून गाडी जाते, खाली जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, खांब मोजतात. पहिल्या दिवशी तीन झाले. तिसऱ्याला हात टेकून म्हणाल्या, "बास, आता परत."

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं होऊन तेव्हा चार महिने झाले होते. रिपोर्ट चांगले होते. पण रात्रभर झोपूनही, नव्याने उगवलेल्या बोटभर केसांना तेल लावताना त्यांचा हात खाली यायचा. आम्ही घरातल्यांनी त्यांच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेतलं. तुम्ही पडा, आम्ही करतो. लावणीच्या दिवसांत शेतात राबलेलं अंग एका झोपेत ताजं होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. उपचारांनंतरचा हा थकवा मात्र झोपेला दाद देत नाही. पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात आणि उठणं आणखी जड होतं.

डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं. ते ठीक निघाल्यावर म्हणाले, चाला. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

खारघरमध्येच टाटा मेमोरिअल केंद्राचं ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र आहे. मांडीवर फाइल धरून रिक्षात बसलेली माणसं आम्ही रोज पाहतो. पण उपचार संपल्यावरच्या थकव्याबद्दल घराघरांत फारसं कुणी बोलत नाही. टाटा मेमोरिअलने स्तनाच्या कर्करोगाच्या 850 रुग्ण स्त्रियांचा अभ्यास केला आणि 2022 च्या डिसेंबरात तो अमेरिकेतल्या परिषदेत मांडला. सोपी आसनं, मधूनमधून विश्रांती आणि प्राणायाम यांनी थकवा कमी झाल्याचं त्यात दिसलं. तज्ज्ञांनी 2019 मध्ये सुचवलेलं व्यायामाचं प्रमाणही झेपण्याजोगं आहे: आठवड्यातून तीनदा अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतपत, निदान आठ ते बारा आठवडे. अर्ध्या तासाला पोहोचायला वहिनींना दोन महिने लागले. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताने काही उचलायचंच नाही, असं पूर्वी सांगत. 2009 च्या एका अभ्यासात मात्र, देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवलं तर हाताची सूज वाढत नाही, असं आढळलं. फिजिओथेरपिस्टने शिकवल्यापासून वहिनी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलतात.

शेजारणी म्हणतात, "घरकाम करते ना, तोच व्यायाम." मला हे मुळीच पटत नाही. कणिक मळायला घेतली की दमले म्हणून परात अर्ध्यावर सरकवता येत नाही. ताटावर माणसं बसलेली असतात. घरकाम कुठे थांबवायचं ते दुसऱ्यांची भूक ठरवते. रस्त्यावर कुठून वळायचं हे मात्र वहिनींचा श्वास ठरवतो. तीस वर्षांच्या संसारात आपल्या दमाला विचारून केलेलं हे त्यांचं पहिलंच काम असेल.

काल अकरा खांब झाले होते. आज पाचव्यालाच थांबल्या. "अजून एकच" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते गिळले आणि त्यांच्याबरोबर मागे वळले.