आधी ओळख, मग दया

कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरली जाऊ लागली. भिक्खूंच्या अशा विहारांशी पावसाळ्याचा एक नियम जोडलेला आहे. भिक्खू पावसात हिंडून कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा बुद्धांनी वर्षावास लावून दिला, असे विनयपिटक सांगते. जैन साधूंच्या चातुर्मासामागेही हीच काळजी आहे. जीव बाहेर पडतात त्या दिवसांत माणसाने एका जागी थांबावे, ही अहिंसेची जुनी रीत. आज याच परिसरातील गौताळ्याच्या जंगलाभोवतालच्या तळ्यांवर आणि बांधांवर कुणी स्वयंसेवक पावसाळी रात्री बॅटरी नि वही घेऊन बेडूक मोजायला निघाला, तर त्याने ही रीत मोडली का? माझ्या मते त्याने ती पुढे नेली. पायी चालणाऱ्याची हिंसा त्याच्या पावलाएवढीच असते. तो थांबला की तीही थांबते. आपले तसे नाही. आपण घरात बसलो तरी आपण फवारलेले औषध ओढ्यात उतरते, आपला माल घेऊन ट्रक घाट चढतात, आपल्या प्लॉटसाठी डबके बुजते. एवढी दूरवर जाणारी हिंसा नुसत्या थांबण्याने आवरत नाही. ती कुणावर कोसळते हे आधी माहीत असावे लागते. दशवैकालिक या जैन सूत्राने ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले, ते म्हणूनच.

यावर पहिला आक्षेप असा, की मोजल्याने जीव वाचत नाही. कोस्टा रिकातील सोनेरी भेक 1987 मध्ये दीड हजारांवर दिसले, 1989 मध्ये एकच, आणि नंतर एकही नाही. नोंद होती, प्राणी गेला. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. अशा नोंदींमुळेच जगभरची घट योगायोग नसल्याचे कळले, शोध सुरू झाला आणि 1998 मध्ये बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओळखता आली. 2004 च्या जागतिक आढाव्यात सुमारे 23 टक्के उभयचर जातींबद्दल पुरेशी माहितीच नव्हती. 2023 च्या आढाव्यात हे प्रमाण 11 टक्क्यांवर आले. त्याच आढाव्यात 41 टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. जिची माहितीच नाही, तिच्या बाजूने कुणी बोलू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: मोजणारा स्वतःच जीव तुडवील, रोग पसरवील. म्हणून तर ही मोजणी नियमांनी बांधलेली हवी. पाऊल पाहून टाकावे, बेडूक हाती धरू नये, शक्यतो आवाजावरून ओळखावा, एका पाणवठ्याचा चिखल दुसरीकडे नेऊ नये, अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये. जैन आचारात ईर्यासमिती म्हणतात ती हीच, चालण्यातली सावधगिरी. तिसरा आक्षेप श्रद्धेचा: जीवाला आकडा करणे हा त्याचा अपमान नव्हे का? पण पाऊस लांबला की मुसळाला बेडूक बांधून धोंडी मागणाऱ्या आपल्या समाजाला बेडूक आठवतो तो पाण्यासाठी. वहीत नोंद करणारा त्याच्याकडून काहीच मागत नाही. डराव ऐकायचा, जात ओळखायची, जागा आणि वेळ लिहायची, पुढच्या वर्षी पुन्हा यायचे. उपयोग न विचारता दुसऱ्याच्या असण्याची दखल घेणे, आणि ती दरवर्षी घेणे, याला व्रत म्हणायला हरकत नसावी.