अचूकपणाचे पुण्य

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरु सांगितले आहेत, त्यांत बाण घडविणारा एक कारागीर आहे. राजाची स्वारी वाजतगाजत जवळून गेली तरी त्याची दृष्टी हातातील बाणावरून ढळली नाही, आणि ही त्याची एकाग्रता एकनाथांच्या टीकेमुळे मराठी वाचकांच्या पूर्ण परिचयाची झाली आहे. परंतु तो बाण पुढे कोणाच्या देहात शिरणार होता, हे त्या कथेत कोणी विचारीत नाही. अमेरिकेतील धनुर्धारी शिकाऱ्याची तयारी पाहू लागलो म्हणजे मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

बंदुकीची गोळी जे काम पुष्कळ अंशी आघाताने करते, ते बाणाला पात्यांच्या धारेने, म्हणजे रक्तस्रावाने, करावे लागते. म्हणून शिकारीच्या बाणाला सरावाच्या साध्या टोकाऐवजी रुंद पात्यांचे ब्रॉडहेड लावतात, आणि अडचण उत्पन्न होते ती तेथेच. ही पाती हवेत पंखांसारखी वागतात. त्यांचा अक्ष नळीच्या अक्षापासून केसभर जरी ढळला, तरी ती बाणाला एका अंगास ओढू लागतात, मागची पिसे त्याला सावरू पाहतात, आणि सरावात नेमका लागणारा बाण हरणाच्या छातीऐवजी पोटात शिरतो. म्हणून जाणता शिकारी कार्बनच्या नळीचे तोंड प्रथम बारीक पॉलिशकागदावर काटकोनात घासून घेतो, आट्यांची धातूची पुंगळी वितळविलेल्या डिंकाने आत बसवितो, आणि ब्रॉडहेड आवळल्यावर बाण चाकांच्या दोन जोड्यांवर आडवा ठेवून बोटाने गरकन फिरवितो. टोक जागच्या जागी स्थिर दिसले तर जोड सरळ; त्याने सूक्ष्म वर्तुळ काढले तर डिंक पुन्हा मऊ करून पुंगळी किंचित फिरवावयाची, आणि तीही आंच नळीला न लागू देता, कारण कार्बनचे धागे ज्या राळेत बांधलेले असतात ती राळ उष्णतेने बिघडते. एवढे करूनही डोलणे थांबले नाही, तर तो बाण भात्यातून काढून टाकावयाचा.

ज्या विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुष्याच्या शिकारीसाठी स्वतंत्र हंगाम ठरवून दिला, तेथील कायद्यात ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच असावी आणि त्याची धार राखलेली असावी, असे कलम आहे. पण टोक डोलते की काय, हे पाहणारा अंमलदार कोणी नाही, आणि पोटात बाण घेऊन रात्रभर रानात तडफडणाऱ्या हरणाची फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल होत नाही. प्रत्यंचा सुटल्यानंतर वारा, अंतर आणि सावजाचे दचकणे यांवर माणसाची सत्ता चालत नाही. जी काही जबाबदारी त्याला पार पाडता येते, ती सारी बाण सुटण्यापूर्वीची.

मग एवढी दक्षता बाळगणाऱ्याच्या हातून हिंसा घडत नाही, असे म्हणावे काय? तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात उमास्वातींनी प्रमत्तयोगाने होणाऱ्या प्राणहरणास हिंसा म्हटले आहे, त्यावरून बेसावधपणा गेला की हिंसाही गेली, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढील. परंतु प्रमादात हाताच्या ढिलाईबरोबर चित्तातील कषाय, म्हणजे क्रोध-लोभादी विकारही येतात, आणि मारण्याचा संकल्प हात स्थिर असल्याने निर्मळ होत नाही. मारावे की न मारावे हा एक प्रश्न, आणि मारावयाचेच ठरल्यावर कसे मारावे हा दुसरा. एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यातील बाकी फेडू शकत नाही.

आपल्याकडे शिकारीपुरते पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परस्पर देऊन टाकले, त्यामुळे दुसरा प्रश्न आपल्या कानी पडेनासा झाला. पण खाटिकखान्यातील सुरीच्या धारेविषयी तो अद्याप उभा आहे, आणि तेथील मांस खाणाऱ्याने ती धार आपल्या हाती नाही एवढ्यावरून स्वतःला मोकळे समजू नये. पहिला प्रश्न ज्याने मनःपूर्वक सोडविला असेल, त्याने दुसऱ्याकडे तुच्छतेने पाहू नये. आणि ज्याने दुसराच तेवढा सोडविला, त्याने त्याबद्दल पुण्य मागू नये. दुसऱ्याची वेदना आपल्या हातून जितकी कमी करता येईल तितकी करणे हे कर्तव्य होय, आणि कर्तव्य पार पडल्याने मूळ कृत्याचा जाब देणे चुकत नाही.