सुटलेलं ऋण

१९७२चा दुष्काळ. भीमेचा काठ सोडला तर कर्जत तालुका तेव्हा बहुतेक कोरडवाहू. विहिरींचे तळ उघडे पडले, ज्वारी करपली आणि जो तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. एका वाडीतला ख्रिस्ती मुकादम तिथं हजेरी मांडायचा. वाडीतल्याच एका विधवा मावशीचे आठ दिवस त्यानं दुसऱ्याच नावावर मांडले आणि ती मजुरी स्वतः उचलली. मावशीला अक्षरओळख नव्हती, पण राबलेले दिवस तिच्या बोटांवर मोजलेले होते. ती काही बोलली नाही.

दर रविवारी उपासनेत मंडळी एकसुरात प्रभूची प्रार्थना म्हणत. मराठीत त्या प्रार्थनेत पापाला ऋण म्हटलं आहे. देवानं आपलं ऋण सोडावं असं मागताना, आपणही आपल्या ऋण्यांना सोडल्याचं कबूल करावं लागतं. नेमक्या त्या ओळीला मावशीचा आवाज थांबे. पुढच्या ओळीला परत येई. मुकादमाला ती एका ओळीची शांतता बरोबर कळे.

दोन वर्षं अशी गेली. मग एका रविवारी मावशी थांबली नाही. सबंध ओळ म्हणाली. मुकादमाच्या काळजात चर्र झालं. आठवडाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. अखेर ज्वारीचं पोतं पाठीवर टाकून तो पाळकांच्या दारी गेला आणि सगळं सांगून म्हणाला, ‘‘हे देवाला घ्या. माझं पाप फिटू द्या.’’

पाळकांनी विचारलं, ‘‘येशूच्या दाखल्यातला तो चाकर आठवतो? राजाचे दहा हजार तलांत देणं लागत होता. एक तलांत म्हणजे मजुराची सहा हजार दिवसांची कमाई. तू हजेरी मांडणारा. कर हिशेब.’’

मुकादमानं मनाशी गुणाकार केला. ‘‘सहा कोटी दिवस.’’

‘‘किती पिढ्यांनी खडी फोडली तर फिटेल?’’

‘‘फिटायचंच न्हाई.’’

‘‘म्हणून राजानं ते सोडून दिलं. देवाचं ऋण फिटत नसतं, बाळा, ते सुटतं. तुझं क्रुसावर सुटलंय. पोतं घरी ने. मावशीचे आठ दिवस मात्र तुला फेडता येण्याजोगे आहेत.’’

त्याच संध्याकाळी मुकादम मावशीच्या उंबऱ्याशी उभा राहिला. पैसे पुढं करताना हात कापत होता.

‘‘मावशी, तुझे आठ दिवस म्या खाल्ले.’’

‘‘ठावं हाय मला.’’

‘‘पर गेल्या रविवारी तू ती ओळ म्हणलीस. पैसं तर मिळालं नव्हतं. मग मला सोडलंस कसं?’’

मावशीनं पैसे घेतले, पदराच्या गाठीत बांधले.

‘‘देवानं मला सोडलं, तवा माझ्या पदरात तरी काय व्हतं?’’

तात्पर्य : देवाची क्षमा आपल्या फेडीची वाट पाहत नाही. ती ज्याला उमगते, त्याचा हात दुसऱ्याचं देणं द्यायला उघडतो.