जुनी वचने आणि न्यायाची अट

सौंदत्तीच्या डोंगरावर ज्या यल्लम्मेला जगन्माता म्हणून दंडवत घातले जातात, तिच्याच नावाने पिढ्यान्‌पिढ्या मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या, आणि ती चाल बंद करण्यासाठी 1982 साली कर्नाटक सरकारला कायदा करावा लागला. स्त्रीत्वाचा गौरव आणि स्त्रीचे दास्य एकत्र नांदू शकतात, हा जसा आमच्या बेळगाव मुलखाचा अनुभव, तसाच तो प्राचीन धर्मग्रंथांचाही आहे. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय स्त्रीच्या सन्मानात देवांचा संतोष पाहतो, तर नववा तिला कोणत्याही वयात स्वातंत्र्य नाकारतो.

अशा ग्रंथापुढे अवघे शिरोधार्य किंवा अवघे त्याज्य, या दोन वाटांखेरीज बहाई धर्माचे संस्थापक बहाउल्ला (1817–1892) यांनी तिसरी वाट दाखविली. ईश्वरी प्रकटीकरण क्रमाक्रमाने होते. धर्माचा आध्यात्मिक गाभा सनातन, परंतु सामाजिक निर्बंध त्या त्या युगापुरते, आणि ते बदलण्याचा अधिकार वाचकाच्या सोयीला नसून नव्या प्रकटीकरणाला आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कुराणाच्या चौथ्या सूरेने चार विवाहांची मुभा देताना समान न्यायाची अट घातली आणि पुढे तो न्याय मनुष्याला साधणार नाही असेही सांगितले. बहाउल्लांच्या ‘किताब-ए-अकदस’मध्ये अक्षरशः दोन पत्नींपर्यंत मुभा दिसते, परंतु त्यांचे पुत्र आणि अधिकृत भाष्यकार अब्दुल-बहा यांनी, न्यायाची अट असाध्य असल्यामुळे, त्या तरतुदीचा अर्थ एकपत्नीत्व असाच निश्चित केला. अटीला मुभेहून श्रेष्ठ मानणारे हे वाचन मला या दृष्टीचे मर्म वाटते.

अशा वाचनामागची स्त्री-पुरुष समता एका दिवसात उगवली नाही. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणमंडळात अक्कमहादेवीला मान मिळाला, पण ती समता मुख्यतः आत्म्याची होती. संसाराचे कायदेकानू जुनेच राहिले. 1848 साली इराणातील बदश्त येथे बाबी पंथातील कवयित्री ताहिरेने पुरुषांच्या सभेत बुरखा दूर केला, त्याच वर्षी पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा उघडली; एकमेकांस अपरिचित अशा या दोन कृतींनी समतेला लौकिक व्यवहारात आणले. 1882 साली ताराबाई शिंद्यांनी शास्त्रकारांनाच जाब विचारला. पुढे अब्दुल-बहांनी, मुलगा व मुलगी या दोघांना शिकविण्याची ऐपत नसेल तर प्रथम मुलीला शिकवावे, असे सांगितले.

1963 साली प्रथम निवडल्या गेलेल्या विश्व न्याय मंदिराचे, म्हणजे बहाईंच्या सर्वोच्च संस्थेचे, सभासदत्व मात्र पुरुषांपुरतेच आहे. त्यामागील हेतू कालांतराने स्पष्ट होईल ही बहाईंची श्रद्धा प्रामाणिक आहे. तरी जुन्या ग्रंथांस आपण जो प्रश्न विचारतो तो नव्यासही विचारण्याची मोकळीक असली पाहिजे, असे मला वाटते.

निपाणीच्या वखारीत नाकातोंडावर पदर बांधून, खकाण्यात दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या बाया रास्त मजुरीसाठी संघटित झाल्या, तेव्हा त्यांनी कोणत्याही धर्मग्रंथाचा दाखला मागितला नव्हता. परंतु अब्दुल-बहांनी जी अट सर्वांत वर ठेवली, तीच न्यायाची अट त्यांच्या मागणीत होती. म्हणून कोणत्याही वचनाचा अर्थ लावताना, त्याने त्या बाईची मजुरी, तिच्या लेकीची शाळा आणि घरातला तिचा शब्द यांत काय फरक पडतो, हे आधी पाहावे. ज्या अर्थाने तिच्या पदरी न्याय पडत नाही, तो अर्थ ईश्वराच्या नावावर खपवण्याचा अधिकार कोणालाही नाही.