ठरवलेली रक्कम कुणाची?



आपल्या शहरातून बरीच कुटुंबे संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला गोव्याला जातात. परतीच्या वाटेवर पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी दिसतात. महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनो कायदा इथे कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्याने मात्र १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी दिली.

“दोन हजार ठरवून खेळलो, तेवढेच गेले, तर त्यात पाप कसले?” असे काही जण विचारतात. प्रश्न रास्त आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. आतला संगणक प्रत्येक डावाला नवा आकडा काढतो. मागचा डाव त्याच्या लक्षात नसतो. म्हणून ‘आता तरी लागेलच’ हा निव्वळ भ्रम आहे. समजा, मशीन लावलेल्या १०० रुपयांपैकी सरासरी ९० परत देते. १० रुपयांचा डाव, मिनिटाला दहा डाव. तासात ६,००० रुपये लागतात आणि सरासरी ६०० जातात. १ रुपयाचे मशीन स्वस्त वाटते. पण एकाच डावात २५ ओळी लावल्या तर तो डाव २५ रुपयांचा होतो. खिशाला झेपते की नाही, हे नाण्यावरून नव्हे, तासाच्या हिशेबावरून कळते.

आता पापाचा प्रश्न. नशिबावर सोडणे हे मुळात पाप नाही. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. क्रुसाखाली शिपायांनीही चिठ्ठ्याच टाकल्या, पण दुसऱ्याच्या अंगरख्यासाठी! चिठ्ठ्या त्याच, फरक एवढाच की वस्तू कुणाची होती. ख्रिस्तसभेची शिकवण (धर्मशिक्षण, क्र. २४१३) हेच सांगते: स्वतःच्या किंवा इतरांच्या गरजेचे हिरावले गेले, की खेळ अनैतिक होतो, आणि खेळाची ओढ माणसाला गुलाम करू शकते.

मग ते दोन हजार कुणाचे? मुलांची फी, आईची औषधे, दुकानाची उधारी भागवून उरलेले? पत्नीला ती रक्कम ठाऊक आहे? घरी सांगता येत नाही ती रक्कम ‘ठरवलेली’ नसते, लपवलेली असते. आणि ती संपल्यावर हात पुन्हा पाकिटाकडे गेला, तर मालक कोण, आपण की मशीन?

या रविवारी कुटुंबाने एकत्र बसून महिन्याचा हिशेब मांडावा. ज्याचा त्याचा वाटा आधी बाजूला काढावा. प्रभू आपल्याला मोकळे मन आणि मोकळे हात देवो.