अमानित्व: नाव न सांगणारी मावशी



आजचं वाचन गीतेच्या १३व्या अध्यायातलं आहे. ज्ञान म्हणजे काय, हे सांगताना भगवंत लक्षणांची एक यादी देतात. या यादीत पहिलं लक्षण बुद्धिमत्ता नाही, पाठांतरही नाही. पहिलं येतं अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) माउली यावर थांबून सविस्तर बोलतात. पारध्यांनी घेरलेलं हरीण जसं कासावीस होतं, तसा ज्ञानी माणूस मान मिळू लागला की कासावीस होतो, असा दृष्टान्त ते देतात.

वाचायला छान वाटतं. पण खरं सांगा, असा माणूस आपण पाहिलाय का? आणि भेटलाच तर ओळखणार कसा? तो तर स्वतःहून काहीच सांगणार नाही!

मला वाटतं, मला एकदा भेटला. म्हणजे भेटल्या. मी बोरिवलीहून दरवर्षी वारीचा एक टप्पा चालायला जातो. पुणे ते सासवड, मध्ये दिवे घाट. आळंदी ते पंढरपूर या पूर्ण वाटेतला हा फक्त एक दिवस, पण नोकरी करणाऱ्यांना जमण्यासारखा. त्या वर्षी घाटाच्या पायथ्याशी कॉलेजमधल्या एका मुलाच्या पोटरीत गोळा आला आणि तो रस्त्याकडेला बसला. साठीच्या पुढच्या, परभणीकडच्या एक मावशी त्यांच्या दिंडीतून बाजूला झाल्या, पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि त्याचा पाय चोळायला बसल्या. मीही पाणी घेऊन थांबलो. अर्धा तास गेला. तोवर त्यांची दिंडी घाट चढून दिसेनाशी झाली.

दिंडी चुकणं ही साधी गोष्ट नसते. जेवण, तंबू, सामानाचा ट्रक, ओळखीची माणसं, सगळं दिंडीबरोबर असतं. मी म्हटलं, "मावशी, तुमची दिंडी पुढे गेली की!" त्या म्हणाल्या, "जाऊ दे की. दिंडी जाऊन जाऊन कुठं जाईल? पंढरपूरलाच ना?"

मग आम्ही तिघं सावकाश घाट चढलो. वर पोचल्यावर मी नाव विचारलं. "नाव काय करायचंय बाळा? माउली म्हण." आणि त्या गर्दीत मिसळल्या.

आता खरा प्रश्न. वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात आणि वय-जात न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. मग त्या शब्दाला किंमत काय उरली? मला उलटं वाटतं. आपल्याकडे मान आधी कमवावा लागतो, आणि कमावला की तो सांभाळावा लागतो. वारीत तो पहिल्या पावलालाच मिळतो, सगळ्यांना सारखा. मग सिद्ध करण्यासारखं काही राहत नाही, आणि माणूस मोकळा होतो. म्हणूनच दिंडी सोडून अनोळखी पोराचा पाय चोळायला बसताना मावशींना हिशोब करावा लागला नाही.

तुम्ही म्हणाल, हे वारीत ठीक. अंधेरीच्या ऑफिसमध्ये काय? अप्रेझलच्या फॉर्मवर आपणच आपलं काम लिहायचं असतं. तिथे गप्प बसलं तर प्रमोशन दुसऱ्यालाच! बरोबर आहे. पण अमानित्व म्हणजे काम लपवणं नव्हे. केलेलं काम जसं आहे तसं लिहिणं ही नोंद झाली. त्यात खोटं नाही, हावही नाही. हाव तेव्हा सुरू होते, जेव्हा कोणी पाहत नसेल तर ते काम करावंसंच वाटत नाही. फॉर्म भरताना नाही, बग सोडवताना स्वतःला तपासायचं. ज्याचं श्रेय दुसऱ्या टीमला जाणार आहे, तो बगही मी तितक्याच मनापासून सोडवतो का?

अजून एक. प्रेरणा देणाऱ्या माणसाचं आपण काय देणं लागतो? मावशींना मी पुन्हा शोधू शकत नाही. त्यांचा फोटो लावून चार लाइक मिळवले असते, तर मान मलाच मिळाला असता. त्यांचं नाव आपल्याकडे नाही, आणि ते बरंच आहे. नाव असतं तर आपण नावालाच नमस्कार करून सुटलो असतो. आता फक्त त्यांची कृती हातात आहे, आणि कृतीचं ऋण परत मागे फेडता येत नाही. वाटेवरच्या पुढच्या माणसालाच ते द्यावं लागतं.

आजचा अभ्यास: आज एक मदत अशी करूया, जिच्यासाठी आपली "दिंडी" थोडी पुढे जाऊ द्यावी लागेल. एखादी ७:४२ची फास्ट सुटेल, एखादी मीटिंग उशिरा सुरू होईल. आणि ते कोणालाही सांगायचं नाही. अगदी इथे कमेंटमध्येसुद्धा नाही!

राम कृष्ण हरी.