कुऱ्हाडीचा दांडा

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आमच्या घरात कोणी उच्चारत नसे, कारण घरच कुऱ्हाडीवर चालत होतं. वडील संगमेश्वर तालुक्यात लाकूडतोडीला जायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पावसाळ्यात भात, आणि दिवाळी सरली की कुऱ्हाड, ती थेट मिरगापर्यंत. असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. ते गेल्यावर त्यांच्या नावानं शाळेच्या आवारात एक झाड लावावं असं वाडीतल्या पोरांनी सुचवलं. तेव्हा एक जण हसून म्हणाला, "ज्यानं जन्मभर झाडं पाडली त्याच्या नावाचं झाड? अरे, दांडाच तो!" बोलला तो कुचेष्टेनं, पण प्रश्न काही खोटा नव्हता.

झाड पाडणं हे ताकदीचं काम आहे असं बघणाऱ्याला वाटतं. आबा म्हणायचे, "ताकद रेड्याला पण असते." आधी ते झाडाभोवती एक फेरी मारत. कल कुठं आहे, फांद्यांचं वजन कुठल्या अंगाला, वारा कुठून, पडताना खालचं एखादं झाड मोडेल का, हे सगळं निरखून घेत. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच, मग उलट बाजूनं थोडे वर घाव. वर दोर बांधलेला. खोडातून पहिली कड् वाजली की "सरा रं!" अशी हाक. बुंधा ते जमिनीलगत आणि उतरता तोडायचे. पावसाचं पाणी मग खुंटावर साचत नाही, खुंट कुजत नाही, आणि ऐन-किंजळीला पुन्हा धुमारे फुटतात. त्यांच्या कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा होता. धामण लवते, हाताला झिणझिण्या येऊ देत नाही.

संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याच्या वासावरून आई ओळखायची, आज कुठलं लाकूड पडलं ते. चैत्र-वैशाखात फडक्यात करवंदं बांधून आणायचे. ती आम्हां भावंडांत वाटताना स्वतः मोजायचे, कुणाला एक जास्त जाऊ नये म्हणून. माझा एसटीचा पास, पुस्तकं, आईचं औषध, सगळं त्या मजुरीतून. पाळण्यापासून जेवायच्या पाटापर्यंत घरातलं प्रत्येक लाकूड त्यांच्या हातचं.

आमच्याकडचं बरंचसं रान सरकारी नाही, खाजगी मालकीचं आहे. झाडतोडीचा कायदा 1964 सालचा. आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ ही झाडं मालकीच्या जमिनीतली असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. कागदपत्रं मालक आणि व्यापारी यांच्यात व्हायची. मालक बहुधा मुंबईला. खैर काताच्या भट्टीला जायचा, जळाऊ लाकूड ट्रक भरून आंबा घाटानं कोल्हापूरकडं. डोंगर उघडा पडला की लोकांना दिसायचा तो मात्र कुऱ्हाड घेऊन उतरणारा माणूस.

म्हणून मीही पुष्कळ दिवस त्यांची बाजू एकाच शब्दात मांडत आलो : पोटासाठी. त्यांनी तोडलं नसतं तर दुसऱ्यानं तोडलं असतं. आबांनाही हे येत होतं. एकदा त्यांच्यासमोरच कुणीतरी ती म्हण काढली, तर म्हणाले, "दांडा काय आपला आपण उठून जातो काय?"

उत्तर बिनतोड आहे. तरी मला ते पुरत नाही. आबा नुसता दांडा होते, त्यांना धरणारा हात दुसऱ्याचा होता, असं म्हटलं की तोडीचा दोष सुटतो खरा. पण मग ज्या माणसानं करवंदं मोजून वाटली, पोरीला दहावीपर्यंत शिकवायचं ठरवलं, तो माणूसही जातो. कष्टाचं श्रेय त्यांचं आणि तोड तेवढी परिस्थितीची, अशी वाटणी मला जमत नाही. दोन्ही एकाच हातानं झालेलं आहे.

आणि ते ठरवू शकत होते, हे मी पाहिलंय. दोघा भावांच्या वाटणीत बांधावरचा आंबा आला होता. धाकटा मजुरी देऊन आबांना बोलवायला आला. आबा गेले नाहीत. "थोरल्याला घेऊन ये, दोघं मिळून सांगा, मग तोडतो." थोरला काही आला नाही, आंबा उभा राहिला. त्या आठवड्यात दुसरं काम नव्हतं आणि आई त्यांच्यावर चिडली होती, हेही सांगायला हवं.

पण वाडीच्या डोक्यावरचा उतार त्यांनीच मोकळा केला. खालच्या पऱ्याला पाणी त्या उतारावरून येतं हे त्यांना मालकापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी व्यापाऱ्याला सांगूनही पाहिलं, "वरच्या अंगाची दोन-तीन रांगा झाडं ठेवा, पाण्यावर जाईल." व्यापारी म्हणाला, सौदा सगळ्या रानाचा झालाय. आबा दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी गेले. त्या वैशाखात ताईचं लग्न ठरलेलं होतं. आधी मार्गशीर्ष-पौषातही वाहणारा पऱ्या आता दिवाळीलाच थांबतो, आणि फेब्रुवारीत वाडीची विहीर तळ दाखवते.

या दोन दिवसांत ते घरात काय करत होते ते मला आठवतं. कानशीनं करवतीचे दात लावत होते. धार लागलेली होती, तरी लावत होते.

आपल्याकडं शहरातली माणसं रान वाचवायचं बोलतात तेव्हा हे दोन दिवस त्यांच्या हिशोबात नसतात. आणि गावातली माणसं 'गरिबानं काय करायचं' म्हणतात तेव्हा तो तिसरा दिवस त्यांना नको असतो. त्या उताराचे पैसे मालकानं घेतले, व्यापाऱ्यानं घेतले, लाकूड कुठल्याशा भट्टीत जळलं, आणि थोडं सोनं ताईच्या गळ्यात आलं. इतके वाटेकरी झाले म्हणून आबांचा वाटा लहान होत नाही. आणि त्यांचा वाटा मोठा धरला म्हणून बाकीच्यांचा फिटत नाही.

पुढं गुडघे गेल्यावर ते काठी टेकत त्या उतारावर जायचे. एकेका खुंटाला सात-आठ धुमारे असत. त्यातला एक सरळ, जोमाचा ठेवून बाकीचे कोयत्यानं काढत, म्हणजे त्या एकाचं झाड होतं. रान परक्याचं, सांगितलं कुणी नव्हतं. मी एकदा विचारलं, कशाला जाता? म्हणाले, "पाय मोकळे होतात."

ताई माहेरी आली की सकाळी वहिनीबरोबर हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जाते. आम्ही नको म्हणतो, तरी जाते. गेल्या उन्हाळ्यात परत येताना उतारापाशी थांबून तिनं ती ऐनाची झाडं मोजली. एकतीस भरली. मग हंडा दुसऱ्या कमरेवर घेतला आणि म्हणाली, "चल, ऊन वर आलं."